अमेरिकेत लग्न: काउंटी क्लार्ककडचे मॅरेज लायसन्स आणि त्यावर लिहायची नावे

सदाफुली, सॅन होजे

आमच्या मंडळातल्या बऱ्याच मुलामुलींची लग्ने अलीकडे भारतात न होता इथेच, कॅलिफोर्नियात, होऊ लागली आहेत. हॉल, गुरुजी, जेवणाचा बेत, मुंडावळ्या आणि अंतरपाट यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. काउंटी क्लार्कच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कार्यालयात जाऊन लायसन्स, म्हणजे लग्नाचा परवाना, घेण्याचे काम मात्र 'एक फॉर्म तर भरायचा आहे' असे म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलले जाते. फॉर्म खरोखरच लहान असतो आणि खिडकीवरचे कामही सहसा लवकर उरकते. अडचण वेगळीच आहे. त्या फॉर्मवर जी नावे लिहिली जातात तीच पुढे लग्नाच्या प्रमाणपत्रावर येतात, आणि आपल्या मराठी नावांची घडण त्या रकान्यांत सरळ बसत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

कॅलिफोर्नियाचे नियम आधी थोडक्यात सांगते. वधू-वरांनी दोघांनीही एकत्र, स्वतः कार्यालयात जावे लागते. आईवडिलांनी किंवा मित्राने जाऊन चालत नाही. दोघांकडे छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र हवे, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. तुम्ही त्या काउंटीचे किंवा कॅलिफोर्नियाचे रहिवासी असण्याची अट नाही, रक्ततपासणी नाही, आणि थांबण्याची मुदतही नाही. सकाळी लायसन्स घेऊन संध्याकाळच्या गोरज मुहूर्तावर लग्न लावता येते. लायसन्स ९० दिवस चालते आणि ते राज्यातल्या कोणत्याही काउंटीत वापरता येते, पण राज्याबाहेर नाही. ज्यांना सॅन होजेचे लायसन्स घेऊन लेक टाहोला लग्न करायचे आहे त्यांनी हॉल तळ्याच्या कोणत्या काठाला आहे हे नीट पाहावे, कारण पूर्वेचा काठ नेवाडात येतो. सार्वजनिक लायसन्सवर किमान एका साक्षीदाराची सही लागते आणि जास्तीत जास्त दोघांसाठी जागा असते, तेव्हा चारही मामांना सही करायला बोलावू नये. फी प्रत्येक काउंटीची वेगळी आहे. ती आणि भेटीची वेळ आधीच संकेतस्थळावर पाहून ठेवावी.

लग्न लागल्यावर गुरुजी, म्हणजे ज्यांनी विवाह लावला ती व्यक्ती, त्या कागदावर सही करून तो १० दिवसांच्या आत काउंटी रेकॉर्डरकडे परत पाठवते. नोंद झाल्यावरच लग्नाचा दाखला तयार होतो, आणि त्याची प्रमाणित प्रत आपोआप घरी येत नाही. अर्ज करून, पैसे भरून मागवावी लागते. काही कुटुंबे महिनोन्‌महिने टपालपेटीकडे डोळे लावून बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता नावांविषयी. २००९ पासून कॅलिफोर्नियात पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणालाही, लग्नानंतरचे नवे नाव लायसन्सच्या अर्जातच लिहिता येते. ते लिहिलेच पाहिजे असे नाही. रकाना कोरा ठेवला तर नाव आहे तसेच राहते. मात्र त्या दिवशी कोरा ठेवला आणि नंतर मन बदलले, तर दाखल्यावर नवे नाव मागाहून घालून मिळत नाही. म्हणून नावाचा निर्णय खिडकीसमोर उभे राहून करू नये, घरी बसून करावा. इतर राज्यांतल्या सदस्यांनी आपापल्याकडचे नियम जरूर लिहावेत.

टेक्सासकर, प्लेनो

उत्तम धागा. टेक्सासमध्ये मुख्य फरक मुहूर्ताच्या दृष्टीने आहे. आमच्याकडे लायसन्स मिळाल्यानंतर ७२ तास लग्न लावता येत नाही. शुक्रवारी सकाळी अकराचा मुहूर्त असेल तर मंगळवारी अकराच्या आत लायसन्स हातात पडलेले असले पाहिजे. आणि क्लार्कचे कार्यालय शनिवारी-रविवारी उघडे असेल असे गृहीत धरू नये, त्यामुळे प्रत्यक्षात आदल्या आठवड्यातच जाणे शहाणपणाचे. सैन्यात सक्रिय सेवेत असलेल्यांना ही अट नाही. शिवाय राज्याने मान्य केलेला आठ तासांचा विवाहपूर्व अभ्यासवर्ग दोघांनी पूर्ण केला आणि त्याचे प्रमाणपत्र दाखवले, तर ७२ तासांची अट माफ होते आणि फीमध्येही ६० डॉलरची सूट मिळते. भारतातून पाहुणे येऊन थांबले आहेत आणि दिवस कमी आहेत अशा वेळी हा मार्ग फार उपयोगी पडतो, तरी आपल्या लोकांना तो क्वचितच ठाऊक असतो.

लायसन्सची मुदत इथेही ९० दिवस आहे. मात्र सही झालेला कागद परत पाठवायला कॅलिफोर्नियासारखे १० नव्हे तर ३० दिवस मिळतात. ही मुदत सैल वाटते, आणि नेमके म्हणूनच कागद कोणाच्या तरी गाडीत पडून राहतो. गुरुजींवर न सोडता घरच्याच एखाद्या जबाबदार माणसाकडे हे काम द्यावे असे माझे मत आहे.

रानजाई, नाशिक

सदाफुलीताई, तुमचा लेख अगदी वेळेवर आला. माझे लग्न फ्रीमाँटला ठरले आहे. माझ्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या ओळीत माझे आणि बाबांचे अशी दोन्ही नावे एकापाठोपाठ आहेत आणि आडनाव वेगळ्या ओळीत आहे. लग्नानंतर आपल्या पद्धतीप्रमाणे मधले नाव म्हणून नवऱ्याचे नाव लावावे अशी सासरची इच्छा आहे, आणि माझीही हरकत नाही. हे लायसन्सवर करता येईल का? दुसरे असे, की अर्जात आईचे नाव विचारतात असे ऐकले. माझ्या आईचे नाव लग्नात तांदळाच्या ताटात लिहून बदलले होते. माहेरचे नाव, माहेरचे आडनाव, सगळेच वेगळे आहे, आणि माझ्या पासपोर्टवर तिचे सासरचे नाव आहे. मी कोणते लिहावे?

सदाफुली, सॅन होजे

रानजाई, प्रथम अभिनंदन. तुझ्या दोन्ही प्रश्नांवर जरा सविस्तर लिहिते, कारण हेच प्रश्न जवळजवळ प्रत्येक मराठी घरात येतात.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात लग्नाच्या लायसन्सद्वारे आडनाव आणि मधले नाव बदलता येते, पहिले नाव नाही. मधल्या नावासाठीही मोजकेच पर्याय आहेत: दोघांपैकी कोणाचेही सध्याचे आडनाव, दोघांपैकी कोणाचेही जन्माच्या वेळचे आडनाव, किंवा मधले नाव आणि आडनाव जोडरेघेने जोडून केलेले नाव. नवऱ्याचे पहिले नाव या यादीत कुठेच नाही. हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आडनावे होती. बायकोच्या नावात नवऱ्याचे नाव मधोमध येते ही आपली रीत त्यांच्या हिशेबातच नव्हती. त्यामुळे, उदाहरणार्थ, 'रोहिणी मधुकर कुलकर्णी'ची 'रोहिणी सचिन पाटील' या लायसन्सवर होऊ शकत नाही. 'रोहिणी मधुकर पाटील' किंवा 'रोहिणी कुलकर्णी पाटील' होऊ शकते. सचिनच हवा असेल तर काउंटीच्या सुपीरियर कोर्टात नावबदलाचा वेगळा अर्ज करावा लागतो, त्याची वेगळी फी असते आणि वेळही लागतो.

सासरच्या मंडळींना हे आधीच, शांतपणे सांगून ठेव. कार्यालयात गेल्यावर कळले तर 'मुलगी नाव लावायला तयार नाही' असा समज व्हायला वेळ लागत नाही.

पासपोर्टवरच्या जोडनावाविषयी: अर्जात पहिले, मधले आणि शेवटचे असे तीन रकाने असतात, आणि आपल्या पासपोर्टवर मधल्या नावाची वेगळी ओळच नसते. 'रोहिणी मधुकर' ही दोन्ही नावे पहिल्या रकान्यात गेली, तर दोन्ही मिळून पहिले नाव ठरते आणि मग त्यातला 'मधुकर' लायसन्सवर हलवता येत नाही. म्हणून तो कुठे लिहायचा हे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला आधी विचार, आणि छापलेला मसुदा दाखवतात तेव्हा एकेक अक्षर वाचून मगच सही कर. तो मसुदा दोघांनीही वाचावा. नवरा मुलगा त्या वेळी फोनवर हॉलवाल्याशी बोलत असतो, हे मी अनुभवाने सांगते.

आईचे नाव: तिथे आईवडिलांची जन्माच्या वेळची पूर्ण नावे आणि जन्मस्थान विचारतात. म्हणजे आईचे माहेरचे नाव आणि माहेरचे आडनाव. ते पासपोर्टवरच्या नावाशी जुळत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न जे विचारतो त्याचे खरे उत्तर द्यायचे, कारण अर्जावर सही शपथेवर असते. पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जातही पालकांचे जन्मनाव वेगळे असल्यास ते विचारतात, तेव्हा दोन्हीकडे एकच नाव असलेले बरे. आजच आईला फोन करून तिच्या जन्मनावाचे इंग्रजी स्पेलिंग ठरवून कागदावर लिहून ठेव. 'गोदावरी'ची पाच स्पेलिंगे होऊ शकतात.

घाटमाथा, पुणे

वेगळा विचार मांडतो. मुलगी भारतात आहे, मुलगा तिकडे नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहे, आणि तिला त्याची पत्नी म्हणून एच-४ व्हिसा काढायचा आहे, अशा वेळी लग्न आणि नोंदणी इथेच करून टाकणे अधिक सोपे नाही का? महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याखाली विवाह निबंधकाकडे तीन साक्षीदारांसह ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा अर्ज, दिले की नोंदणी होते. ज्यांना नोंदणी पद्धतीनेच विवाह करायचा आहे त्यांना १९५४च्या विशेष विवाह कायद्याची ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, एवढेच. नोंदणीचा दाखला हातात असला की व्हिसाच्या मुलाखतीला जाता येते. अमेरिकेत नंतर हवे तर स्वागत समारंभ करावा.

सदाफुली, सॅन होजे

घाटमाथा, ज्यांना व्हिसा भारतातूनच काढायचा आहे त्यांच्यासाठी तुमचा सल्ला रास्त आहे. फक्त त्यापुढचा एक धोका नोंदवते. भारतात नोंदणी झाली की तो विवाह झालेला आहे, आणि जिथे झाला तिथे कायदेशीर असलेला विवाह अमेरिकेत सर्वसाधारणपणे मान्य होतो. मग इथे पुन्हा विधी करायचा म्हणून क्लार्ककडे जाऊन 'अविवाहित' असे लिहून लायसन्स घेणे म्हणजे शपथेवर खोटे लिहिणे होय. शिवाय लग्नाच्या दोन तारखा असलेले दोन दाखले तयार होतात आणि इमिग्रेशनच्या प्रत्येक अर्जात 'लग्न नक्की कधी झाले' याचा खुलासा करत बसावे लागते. मित्रमंडळींसाठी इथे विधी करायचा असेल तर गुरुजींना आधीच स्पष्ट सांगावे की विवाह भारतात नोंदवलेला आहे, आणि लायसन्सच्या वाटेला जाऊ नये.

याउलट के-१ व्हिसावर, म्हणजे अमेरिकन नागरिकाशी लग्न ठरलेल्यांच्या व्हिसावर, येणाऱ्यांना इथे आल्यापासून ९० दिवसांत लग्न करावेच लागते, तेव्हा त्यांच्यासाठी क्लार्कचे कार्यालय हा पर्याय नसून पहिलाच थांबा आहे.

शिकागोवासी

इलिनॉयमध्ये सर्वांत मोठा घोटाळा काउंटीच्या सीमेवरून होतो. आमच्याकडे ज्या काउंटीत लग्न लागणार त्याच काउंटीच्या क्लार्ककडून लायसन्स घ्यावे लागते. घर शिकागोत, म्हणून कुक काउंटीचे लायसन्स घेतले आणि हॉल नेपरव्हिलला ठरवला, तर ते लायसन्स तिथे चालत नाही. नेपरव्हिलची तर आणखी गंमत आहे: ते एकच शहर डुपेज आणि विल अशा दोन काउंटींत पसरलेले आहे. म्हणून हॉलच्या पत्त्यावरून नुसते शहर न पाहता काउंटी विचारून घ्यावी. हॉलच्या व्यवस्थापकाला हे नेहमी माहीत असते, कारण आधीच्या कोणीतरी त्याला हा त्रास दिलेला असतो.

इथे लायसन्स घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते आणि ६० दिवस टिकते. कुक काउंटीची फी ६० डॉलर आहे.

निवडुंग, एडिसन

न्यू जर्सीत काउंटी क्लार्कचा संबंधच नाही, हे इथल्या वाचकांसाठी लिहून ठेवतो. आमच्याकडे नगरपालिकेतला स्थानिक रजिस्ट्रार लायसन्स देतो. दोघांपैकी एक जण ज्या गावात राहतो तिथे अर्ज करायचा; दोघेही राज्याबाहेरचे असतील तर लग्न जिथे होणार तिथे. अर्जाच्या वेळीच १८ वर्षांवरील एक साक्षीदार बरोबर न्यावा लागतो, फी २८ डॉलर आहे, आणि अर्ज केल्यापासून ७२ तास थांबावे लागते. नदीपलीकडे न्यू यॉर्क शहरात हेच काम सिटी क्लार्क करतो. तिथे फी ३५ डॉलर, थांबायचे २४ तास, आणि मुदत ६० दिवस. न्यू यॉर्क शहरात आणखी एक अट अशी की विवाह लावणाऱ्या व्यक्तीची सिटी क्लार्ककडे आधी नोंदणी झालेली असावी लागते. त्यामुळे एडिसनचे गुरुजी मॅनहॅटनला नेणार असाल तर त्यांना हा प्रश्न महिनाभर आधी विचारावा.

पिंपळपान

याच मुद्द्यावर विचारायचे होते. आमचे लग्न माझे काका लावणार आहेत. ते पौरोहित्य शिकलेले आहेत, पण कोणत्याही देवळाशी जोडलेले नाहीत. कॅलिफोर्नियात हे चालेल का?

सदाफुली, सॅन होजे

कॅलिफोर्नियात धार्मिक विवाह लावणाऱ्याने राज्याकडे नोंदणी करण्याची अट नाही. तो १८ वर्षांवरील असावा आणि कोणत्या तरी धर्मपरंपरेने त्याला तो अधिकार दिलेला असावा, एवढेच कायदा म्हणतो. लायसन्सवर त्याला आपले पद, पत्ता आणि धर्म किंवा संप्रदाय लिहावा लागतो. काकांच्या अधिकाराबद्दल मनात शंका असेल तर बऱ्याच काउंटींत दुसरी सोय आहे: फी भरून काकांची एका दिवसासाठी 'डेप्युटी मॅरेज कमिशनर' म्हणून नेमणूक करून घेता येते, आणि मग ते नागरी अधिकाराने विवाह लावतात. मंत्र म्हणायला त्यांना कोणी अडवत नाही.

व्हर्जिनियात मात्र पुरोहिताला सर्किट कोर्टाकडून अधिकृत होऊन यावे लागते. कोलोरॅडोत याच्या अगदी उलट आहे. तिथे वधू-वर स्वतःच स्वतःचा विवाह लावून सही करू शकतात, तिसऱ्या माणसाची गरज नाही.

पारिजात, सनीव्हेल

कॅलिफोर्नियात 'कॉन्फिडेन्शियल' म्हणजे गोपनीय लायसन्सही मिळते, आणि त्याला साक्षीदार लागत नाही. मग सर्वांनी तेच का घेऊ नये? आमच्या ओळखीत अनेकांनी घेतले आहे आणि इमिग्रेशनलाही ते चालले.

घाटमाथा, पुणे

गोपनीय लग्न ही कल्पनाच मला पटत नाही. लग्न चारचौघांसमोर व्हावे यासाठीच तर सगळा खटाटोप असतो.

सदाफुली, सॅन होजे

घाटमाथा, गोपनीय असते ती नोंद, समारंभ नव्हे. पाचशे माणसे जेवायला बोलावली तरी चालते. तरीही पारिजात, सरसकट सर्वांनी तेच घ्यावे असे मी म्हणणार नाही. त्यासाठी दोघांनी 'आम्ही आधीपासून पतिपत्नीसारखे एकत्र राहतो' असे शपथेवर लिहून द्यावे लागते. जी मुलगी कालच नाशिकहून मावशीकडे उतरली आहे तिने हे लिहिणे खरे होणार नाही, आणि साक्षीदार वाचवण्यासाठी खोटी शपथ घेण्यात काय अर्थ आहे? दुसरे म्हणजे, त्या नोंदीची प्रत फक्त त्या दोघांना किंवा न्यायालयाच्या आदेशानेच मिळते. तुम्ही परदेशात असाल आणि वडिलांनी काउंटीतून प्रत आणावी अशी वेळ आली, तर ते शक्य होत नाही. जे खरोखर एकत्र राहतात आणि ज्यांना आपली नोंद सार्वजनिक नको आहे, त्यांनी ते खुशाल घ्यावे. कायदेशीर वजन दोन्हींचे सारखेच आहे.

गुलबक्षी

मी आणि माझी जोडीदार, दोघीही मुंबईच्या, सध्या ओकलंडमध्ये आहोत. आमच्यासाठी अर्जात काही वेगळे असते का?

सदाफुली, सॅन होजे

काहीही वेगळे नसते. तोच फॉर्म, तीच फी, तीच खिडकी. तुमच्यासाठी ती अलामेडा काउंटीची, जी ओकलंडमध्येच आहे. २६ जून २०१५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याला हे लायसन्स द्यावेच लागते, आणि व्हिसा व ग्रीन कार्डासाठीही तो विवाह विवाहच धरला जातो. भारतात मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्याचे नाकारले, त्यामुळे तिथली मालमत्ता, वारसा आणि नामनिर्देशन यांची कागदपत्रे इथल्या दाखल्यावर विसंबून न राहता स्वतंत्र करून ठेवावीत. तुम्हा दोघींना मनापासून शुभेच्छा.

टेक्सासकर, प्लेनो

एक शेवटची शंका. इथला दाखला भारतात दाखवायचा असेल, उदाहरणार्थ घराच्या कागदपत्रांसाठी, तर काय करावे?

सदाफुली, सॅन होजे

भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे; अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचे परदेशासाठी दिलेले सरकारी प्रमाणपत्र. म्हणून काउंटीकडून घेतलेली प्रमाणित प्रत आपल्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडे पाठवून तिच्यावर अपोस्टिल लावून घ्यावे. कॅलिफोर्नियासाठी ते काम सॅक्रामेंटोला होते. घरी छापलेली किंवा समारंभात मिळालेली नक्षीदार 'सर्टिफिकेट' यासाठी चालत नाहीत, आणि झेरॉक्सही चालत नाही. माझ्या मते पहिल्यांदा मागवतानाच तीन प्रमाणित प्रती घ्याव्यात: एक इमिग्रेशनसाठी, एक पासपोर्ट आणि भारतातल्या कामांसाठी, आणि एक घरात ठेवायला.

रानजाई, तुझ्या बाबतीत पासपोर्टवरचे नाव बदलल्याशिवाय बँक, सोशल सिक्युरिटी किंवा विमानाचे तिकीट यांपैकी कशावरही नवे नाव टाकू नकोस. इथल्या प्रत्येक कार्यालयात भारतीय नागरिकाचे नाव पासपोर्टवरून तपासले जाते. लग्नानंतर लगेच नाशिकला जाणार असशील तर तिकीट जुन्याच नावाने काढ.

रानजाई, नाशिक

धन्यवाद ताई. आईचे जन्मनाव विचारून घेतले. तिच्या शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग सापडले. मधल्या नावाच्या जागी माझे माहेरचे आडनाव ठेवायचे ठरले आहे, आणि सासूबाईंचाही होकार आला आहे. अलामेडा काउंटीची भेटीची वेळ उद्या घेत आहे.